मोटरहोमचे शॉकअप: घरी बदलायचे का गॅरेजला द्यायचे?

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, की मोटरहोमचे, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीचे, शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) घरी बदलले तर वाचतात किती? तर सोलापुरात काय फार वाचत नाहीत. शॉकअप एका नगाला दीड-दोन हजार, कंपनी बघून वरखाली, आणि हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या बाजूचा एखादा मिस्त्री चारी बदलायचे हजार-बाराशे घेतो, ओळखीचा असला तर वर चहापण तोच पाजतो. याउलट चांगला गोटी पान्याचा सेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच नट आवळणारा), बाटली जॅक आणि दोन घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड) नवीन घ्यायला गेलात तर तेवढ्यात मिस्त्री दोन-तीनदा शॉकअप बदलून देईल.

हे आधीच सांगतोय कारण आपल्याकडचे बरेच जण यूट्यूबवर अमेरिकेतल्या रिटायर्ड काकांचे व्हिडिओ बघून चार्ज होतात. त्यांचं गणित वेगळं आहे ओ. त्यांची मोटरहोम म्हणजे अख्खी बस, फोर्डच्या एफ-५३ चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, बांधलेली, ७ टनापासून ११-१२ टनापर्यंत. तिथं गॅरेजची मजुरी तासावर, आणि तासाला शंभर-दीडशे डॉलर म्हणजे काही विशेष नाही. त्यामुळं बिलस्टीन कंपनीचे शॉकअप घालावेत का कोनीचे यावर भांडून झालं की माणूस शेवटी स्वतःच गाडीखाली सरकतो, कारण मजुरीतच त्याचा एक शॉकअप निघतो. आपण त्यांचं बघून "पैसे वाचतात" म्हणून सुरू केलं तर अर्ध्या कामातच कंटाळा येणार, हे नक्की.

मग मी का केलं? सांगतो.

माझी गाडी जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, सेकंडहँड घेऊन आतून मोटरहोम केलेली, पुढंमागं पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पानं रचलेल्या स्प्रिंगा. वऱ्हाड वाहणारी ट्रॅव्हलर वऱ्हाड उतरलं की हलकी होते, पाट्यांना आणि शॉकअपला जरा तरी श्वास मिळतो. मोटरहोमचं वऱ्हाड कधी उतरतच नाही. १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे भरली की १०० किलो, ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोच्या घरात, घरगुती सिलेंडर भरलेला तीसच्या आसपास, प्लायवूडचे कपाट-पलंग, फ्रिज, वर टपावर सोलर. आणि यातलं बरंचसं वजन उंचावर, म्हणून गाडी डुलते जास्त. वर आणि मोटरहोम महिनोन्महिने एका जागी उभी असते, आमची तर जुळे सोलापुरात घराशेजारच्या मोकळ्या जागेत उन्हात, एप्रिल-मेमध्ये ४२-४३ च्या पाऱ्यात. रबरी बुश वाळतात, सीलचं रबर कडक होतं. त्यामुळं किलोमीटर कमी पडलेत म्हणजे शॉकअप चांगले असतील असं मोटरहोमच्या बाबतीत धरून चालायचं नाही.

अजून एक गैरसमज म्हणजे गाडी मागून बसली की लोक म्हणतात शॉकअप गेले. गाडीचं वजन पाटे पेलतात, शॉकअप नाही. शॉकअपचं काम एवढंच, की पाटा एकदा दबून वर आला की त्याला पुन्हा पुन्हा नाचू द्यायचं नाही. आत तेल असतं, पिस्टन असतो, बारीक भोकांच्या व्हॉल्व्हमधून ते तेल दाबून जातं आणि हालचालीची सगळी ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे गाडी बसली असेल तर पाटेवाल्याकडं जा, नवीन शॉकअप घालून ती इंचभरपण वर येणार नाही.

आता ती उष्णतेची गोष्ट कामाची आहे. शॉकअप गेलाय का ते बघायला लोक गाडीचा कोपरा दाबून सोडतात, ते अल्टो-स्विफ्टला ठीक आहे, तीन टनाच्या गाडीला तुम्ही-आम्ही दाबून काय होणार. त्यापेक्षा खराब रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवा. आपल्याकडं खराब रस्ता शोधायला लांब जावं लागत नाही, उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्यावाले ट्रॅक्टर ज्या रस्त्यानं जातात तो कुठलाही धरा. नंतर बाजूला थांबून चारी शॉकअपच्या अंगाला आधी बोट लावून मग तळवा लावून बघा, डायरेक्ट धरू नका, चटका बसतो. मी नळदुर्गकडून अक्कलकोटला येताना थांबून बघितलं तर तीन चांगले गरम लागले आणि मागचा डावा नुसता कोमट. जो काम करतो तो तापतो, जो थंड तो आयतं बसून खातोय. त्याच बाजूच्या टायरवरून हात फिरवला तर रबर एकसारखं झिजलेलं नव्हतं, हाताला लाटा लागत होत्या, उंच-सखल उंच-सखल. आणि शॉकअपच्या वरच्या भागातून तेल उतरून त्यावर धूळ बसून काळा लगदा झालेला. नुसता तेलकट ओलसरपणा असला तर घाबरायचं कारण नसतं, पण असा ओघळ म्हणजे विषय संपला.

एक गेला तरी जोडीनं बदलायचे, निदान त्या ऍक्सलचे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे, दोन्ही. एक बाजू ताठ आणि एक ढिली अशी गाडी ब्रेकला आणि वळणाला वेड्यासारखी वागते. मी चारी बदलायचं ठरवलं, आणि आधी गॅरेजलाच विचारायला गेलो होतो बरं का. दोन-तीन ठिकाणी उभं राहून दुसऱ्या गाड्यांची कामं बघितली. मिस्त्री लोक हुशार आहेत, यात वाद नाही. पण सगळीकडं पद्धत एकच, की गाडी आली, जॅक लावला, चेसिस उचलली, ऍक्सल खाली लोंबकळला, जुना शॉकअप काढला, नवा घातला, एअर गननं टर्रर्र करून नट टाइट, गाडी खाली, पुढचा कोण.

यात गडबड काय आहे ते नीट बघा. शॉकअपच्या टोकाला गोल कडी असते, कडीत रबरी बुश, बुशच्या मधल्या नळीतून बोल्ट जातो. बोल्ट टाइट केला की ती नळी जागेवर पकडली जाते आणि नंतर शॉकअप हलतो तेव्हा रबर पीळ खातं, एवढंच त्याचं हलणं. आता ऍक्सल लोंबकळत असताना तुम्ही तो बोल्ट आवळला तर रबराची आरामाची जागा ती ठरली. गाडी खाली ठेवली, तीन टन वजन आलं, ऍक्सल वर सरकला, की रबर तिथंच पीळ खाऊन बसलं, आणि गाडी नुसती उभी असली तरी चोवीस तास पीळ खातच राहणार. मोटरहोम तर उभीच जास्त असते! मग काही महिन्यांत बुश फाटतो, खडखड सुरू होते आणि आपण म्हणतो माल डुप्लिकेट निघाला. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर आणि गाडी तिच्या नेहमीच्या वजनावर असतानाच पाहिजे, आणि आपलं नेहमीचं वजन म्हणजे पाण्याच्या टाकीसकट.

आणि मजा अशी की घरी केलं तर हे आपोआप बरोबर होतं. कारण पाटेवाल्या उंच गाडीखाली माणूस सरळ झोपून जातो, जॅक लावायची गरजच पडत नाही, चाकपण काढायचं नाही. शॉकअपवर वजन नसल्यामुळं तो काढला तरी गाडी तशीच उभी राहते. फक्त चाकांना पुढून-मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. ज्यांना उचलावीच लागेल त्यांनी एक लक्षात ठेवा, आपली जमीन काळी आहे, वरून कडक दिसली तरी जॅकचा बूड वजनानं आत जातो, पावसाळ्यात तर विचारूच नका. जाड फळी खाली घातल्याशिवाय जॅक नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर शरीराचा कुठलाच भाग घालायचा नाही, घोडी पाहिजेच.

आदल्या दिवशी संध्याकाळी चारी शॉकअपच्या बोल्टांना वायरब्रशनं घासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, झोपायच्या आधी परत एकदा मारलं. सकाळी उजाडायच्या आत सुरुवात, नंतर पत्रा तापतो. खाली अंथरायला जुनी चादर, सोलापुरात त्याला काय तोटा. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या की कुठला वॉशर आत, कुठला बाहेर. बोल्ट हटत नसेल तर पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावून हळूहळू जोर द्या, झटका नको.

आमच्या गल्लीतला एक मिस्त्री कामाला निघालेला, खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "कशाला कपडे खराब करलालाव मालक, द्या की हिकडं, अर्ध्या तासाचं काम हाय." मी म्हटलं अर्ध्या तासाचं आहे म्हणूनच तर तुला देत नाही. हसला तो, पण मग चांगलं पंधरा मिनिटं बसून गप्पा मारल्या आणि जाता जाता एक गोष्ट सांगून गेला, की नवीन शॉकअपचा दांडा पक्कडनं नाहीतर व्हाइस ग्रिपनं धरायचा नाही. बरोबर आहे. तो चकचकीत दांडा सीलमधून वर-खाली होत असतो, त्यावर दाताचा एक ओरखडा पडला की तो दर वेळी सील कापतो आणि नवीन शॉकअप गळायला लागतो. वरच्या टोकाला कडीऐवजी पिन असलेला प्रकार असेल तर तिथं दांडा फिरू नये म्हणून टोकाला पाना लावायला जागा दिलेली असते, ती वापरायची. आणि त्या प्रकारात रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगलं की थांबायचं, चेपून चपाती करायची नाही.

बसवायच्या आधी साधा तेलाचा शॉकअप सरळ उभा धरून पूर्ण लांब करायचा, पूर्ण दाबायचा, असं चार-सहा वेळा. दुकानात आडवा पडून त्यात हवा चुकीच्या जागी गेलेली असते, पहिल्या एक-दोन वेळा हाताला मधेच पोकळ लागतं, मग सगळीकडं सारखा जोर लागायला लागतो, तेव्हा समजायचं झाला तयार. गॅसवाला, म्हणजे आत तेलाबरोबर दाबाचा गॅस भरलेला, असेल तर तो पट्टीनं बांधून येतो, पट्टी कापली की स्वतःहून लांब होतो, तेव्हा तोंड बाजूला ठेवा आणि आधी एक टोक बसवून मगच पट्टी कापा.

तीन शॉकअप असे निघाले की वाटलं उगाच लोक बाऊ करतात. चौथ्याचा, म्हणजे पुढच्या उजव्याचा खालचा बोल्ट मात्र नळीत गंजून एकजीव झालेला. आता अशा वेळी दोनच रस्ते उरतात, ग्राइंडरनं कापणं नाहीतर गॅस मारून लाल करणं, आणि ते घरी करायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीत सिलेंडर, शेजारून डिझेलचा पाइप, ब्रेकची नळी, आणि शॉकअपच्या आत तेल. तापवला तर फुटू शकतो. तिथं गुपचूप गॅरेजला गेलो, त्या भाऊंनी कापून काढला, नवा बोल्ट दिला आणि शेवटचं आवळणं मी सांगितलं तसं गाडी खाली घेऊन केलं, वर मजुरी अशी घेतली की मलाच लाज वाटली.

म्हणून विचाराल तर ज्यांना गाडीखाली जायची हौस नाही त्यांनी मधला रस्ता धरावा. शॉकअप स्वतः बिल घेऊन चांगल्या दुकानातून आणा, पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलला जुळवून, आणि गॅरेजला समोर उभं राहून बसवून घ्या. काही जण म्हणतात माल तुमचा तर गॅरंटी आमची नाही, म्हणू देत. तुमचा आग्रह एकाच गोष्टीसाठी असू द्या, चाकं खाली टेकल्यावर आवळा.

आणि ज्यांची गाडी टाटाची विंगर व्हॅन आहे त्यांनी पुढच्या बाजूला हात घालूच नये. तिला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि गोल स्प्रिंग एकत्र. ती स्प्रिंग दाबून धरायला वेगळं हत्यार लागतं आणि ते निसटलं तर दवाखान्यात नेण्याइतपत तरी माणूस राहील का सांगता येत नाही. मागं तिलाही पाटेच आहेत, तिथं हौस भागवा.

फरक म्हणाल तर हैदराबाद हायवेला शेजारून कंटेनर गेला की गाडी आधी दोन-तीन हेलकावे खायची, आता एकदा हलते आणि गप्प. ब्रेक दाबला की नाक खाली जायचं ते कमी झालं. गावागावांतल्या स्पीडब्रेकरवर भांडी मात्र अजून वाजतात, बायकोला वाटलेलं तेपण बंद होईल. ते कपाटाचं काम आहे, शॉकअपचं नाही.

दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सगळे नट परत एकदा टॉर्क पान्यानं बघून घेतले, एक थोडासा सरकला. जुने भंगारवाल्याला दिले, गॅसवाले असतील तर त्याला आधी सांगा म्हणजे तो छन्नी मारणार नाही. आणि खाली झोपलो होतो म्हणून अजून दोन गोष्टी दिसल्या ज्या गॅरेजमधून आलो असतो तर दिसल्या नसत्या: सायलेन्सर टांगायचं एक रबर तुटायला आलेलं, आणि मागच्या उजव्या पाट्यात तिसऱ्या पानाला केसासारखी चीर. रबर मीच बदललं. पाट्याला मी हात लावणार नाही, यू-बोल्ट (पाटा ऍक्सलला बांधणारे) उघडणं, पानं भट्टीत तापवून कमान देणं हे पाटेवाल्यांचं काम. पुढच्या आठवड्यात गाडी पाटेवाल्याकडं.