लो केलेल्या पोलोला टिकतील असे टायर: माझा अनुभव

कुडाळच्या टायरवाल्या काकांनी गाडी जॅकवर घेतली, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं आणि मला खाली बसायला लावलं. "आतसून हात फिरव." मी हात घातला. बाहेरून बघितलं तर त्या टायरची नक्षी अजून सहज वर्षभर चालेल अशी होती. आतल्या काठावर मात्र बोटं गुळगुळीत रबरावरून सरकत गेली आणि एका जागी बारीक तारेचं टोक टोचलं. टायर आतून गोटा झाला होता. त्याच टायरवर मी आदल्या रविवारी आई-बाबांना घेऊन भर पावसात आंबोली घाट उतरलो होतो. ते आठवून पोटात गोळा आला.

"ह्यो टायर वायट नाय रे," काका म्हणाले. "तुझी गाडी तिरकी चलता. नवो घातलंस तरी असोच झिजतलो."

ही जुलै २०२५ ची गोष्ट. तोपर्यंत टायर घेणं म्हणजे चांगली कंपनी बघायची, भाव करायचा आणि बसवून घ्यायचे, एवढंच मला ठाऊक होतं. लो केलेल्या, म्हणजे स्प्रिंगा बदलून खाली बसवलेल्या गाडीला ते पुरत नाही. हे शिकायला मला जवळजवळ तीन महिने लागले.

माझी गाडी २०१८ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस. २०२४ च्या दिवाळीत पुण्याहून सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने छोट्या स्प्रिंगा टाकून ती साधारण ३५ मिलिमीटर खाली बसवली होती आणि चारही टायर नवेकोरे होते, म्हणून मी खूश होतो. वेंगुर्ल्याहून मठ गावामार्गे कुडाळला रोजची नोकरी, महिन्यातून दोनदा कोल्हापूर. वळणावर ही गाडी जशी रस्त्याला धरून जाते तसा आनंद मला दुसऱ्या कुठल्या गाडीने दिलेला नाही, त्यामुळे ती पुन्हा उंच करायची माझी इच्छा नव्हती. मात्र ज्यांनी अजून गाडी खाली घेतलेली नाही त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचून घ्यावं. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला ते परवानगी देत नाही, आणि अपघाताच्या क्लेमच्या वेळी हा प्रश्न उभा राहू शकतो.

त्या दिवशी घरी जायला टायर हवे होते. काकांकडे एका बलेनोवरून उतरवलेली वापरलेली जोडी होती, १९५/५५ आर १६, सरळ झिजलेली. ती त्यांनी तात्पुरती पुढे बसवून दिली. मठाच्या रस्त्यावरचे सगळे गतिरोधक मला तोंडपाठ आहेत. ज्या दोन गतिरोधकांवर रोज चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) घासायचं, त्या दोन्हींवरून गाडी त्या संध्याकाळी आवाज न करता गेली. तेव्हा पहिल्यांदा मी टायरच्या मापाचा नीट विचार केला.

पोलो जीटीचं कंपनीचं माप हेच आहे, १९५/५५ आर १६. आधीच्या मालकाने २०५/४५ आर १६ घातले होते, दिसायला रुंद आणि चपटे. रात्री वही घेऊन बसलो. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, आणि आर १६ म्हणजे १६ इंचांची रिम. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर. २०५ चे ४५ टक्के म्हणजे फक्त ९२. रिम आणि रस्ता यांच्यामधलं १५ मिलिमीटर रबर त्या मापाने काढून घेतलं होतं, आणि गाडीही तेवढीच अजून खाली गेली होती. स्प्रिंगांनी ३५ आणि टायरने १५, असा एकूण ५० मिलिमीटरचा खड्डा! वर चाकाचा व्यास ५ टक्क्यांनी कमी झाल्यामुळे स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही जास्त दाखवत होते. १२ हजार किलोमीटर चालले असं मी समजत होतो, प्रत्यक्षात ते साडेअकरा हजारांच्या आतच होते.

वजनाचं तर कोणी बोलतच नाही. मापापुढे ८७ व्ही किंवा ८३ व्ही असं छापलेलं असतं. त्यातला ८७ म्हणजे तो एक टायर जास्तीत जास्त ५४५ किलो पेलू शकतो. ८३ म्हणजे ४८७ किलो. पुढे व्ही असेल तर वेगाची मर्यादा ताशी २४० किलोमीटर, एच असेल तर २१०. चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि चिऱ्याच्या खाणीच्या डंपरनी उखडलेला रस्ता, अशा वेळी ८३ चा चपटा टायर मी पुन्हा कधी घालणार नाही. मागच्या डाव्या टायरला फुगा आला होता, तोही त्याच दिवशी काकांनी दाखवला.

म्हणून माप ठरलं: कंपनीचंच, ८७ किंवा त्याच्या वर. त्यात एक व्यवहारी फायदाही आहे. बलेनो आणि आय२० च्या वरच्या मॉडेलना हेच माप येतं. त्यामुळे सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत कुठेही रात्री-अपरात्री टायर फुटला तरी त्याची जोडी मिळू शकते, आणि भावही आटोक्यात राहतो. खास स्पोर्ट्स टायरचं मात्र तसं नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणल्यापासून अशा मापांत बाहेरचा माल कधी मिळतो, कधी नाही. चारातला एक फाटला आणि तसाच दुसरा मिळाला नाही तर सगळा खर्च वाया.

आता गाडी तिरकी का चालते ते बघायचं होतं. आमच्याकडे एका ठिकाणी मी मे महिन्यात अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून सरळ करणं, करून घेतलं होतं. त्यांनी फक्त पुढची चाकं बघितली, स्टेअरिंग सरळ केलं आणि पैसे घेतले. कागद दिला नाही, मीही मागितला नाही. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला चारही चाकांचं मोजमाप करणाऱ्या दुकानात गेलो आणि सुरुवातीलाच सांगितलं, "आधी नुसतं मोजा, काही फिरवू नका, आणि प्रिंट द्या." तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

त्यावर दोन आकडे महत्त्वाचे होते. पहिला कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाक आत किती कललंय. पुढे दोन्हीकडे उणे १ अंश ४० मिनिटांच्या आसपास (एका अंशाची ६० मिनिटं). गाडी खाली बसवली की एवढं येतंच. सगळे जण आतल्या झिजेचा दोष यालाच देतात. दुसरा आकडा टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकाचं नाक आत आहे की बाहेर. पुढचं डावं चाक १५ मिनिटं बाहेर वळलेलं, उजवंही जवळपास तेवढंच. १५ मिनिटं म्हणजे पाव अंश. ऐकायला काहीच वाटत नाही. पण तिथल्या मेकॅनिकने मला जे समजावलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही: चाक पाव अंश तिरकं ठेवून गाडी सरळ चालवली, तर दर किलोमीटरला ते चाक चार मीटरांहून जास्त आडवं घासत जातं. माझे रोजचे पन्नास किलोमीटर धरले तर दोनशे मीटरांहून जास्त. तेही कललेल्या चाकाच्या आतल्या काठावर. कोणत्याही कंपनीचं रबर त्यापुढे टिकणार नाही.

शिवाय चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले होते आणि स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा डावीकडचा टाय रॉड एंड हलत होता. हे पार्ट ढिले असताना अलाइनमेंट केलं तर मशीनवर आकडे बरोबर येतात आणि पहिल्याच खड्ड्यात बिघडतात. म्हणून ते बदलून घेतले. सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. टायरच्या बजेटमधले हे पैसे जाताना मनाला लागलं. पण ते वाचवून महागडे टायर घेतले असते तर तेही वर्षभरात गोटा झाले असते.

टायर प्रत्यक्ष निवडताना ठरवून तीन गोष्टी बघितल्या. साइडवॉलवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर झिजायला वेळ घेणार. दोनशेच्या आसपासचे टायर मऊ आणि पकडीचे. चारशेच्या पुढचे टिकाऊ. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो जास्त उपयोगी. त्याच्या शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं: एए, ए, बी, सी. ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारला तर टायर किती धरतो, ते यावरून कळतं. आंबोलीत धुकं, वरून पाऊस आणि वळणावर जांभ्याचा लाल चिखल असतो. तिथे केवळ टिकतो म्हणून कडक टायर घ्यायचा नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं. ए च्या खाली जायचं नाही, आणि त्यात जो जास्त टिकेल तो.

तिसरी गोष्ट नक्षीची. ही लो गाडीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी आणि योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी हे दोन्ही मला आवडले होते. पण त्यांची नक्षी आत वेगळी, बाहेर वेगळी असते आणि कुठली बाजू बाहेर ठेवायची ते टायरवर छापलेलं असतं. असा टायर रिमवर उलटा बसवता येत नाही. दोन्ही बाजूंना सारखी नक्षी असलेला टायर मात्र आतला काठ थोडा झिजला की रिमवरून उतरवून उलटा करता येतो. कॅम्बर तसाच राहणार असेल तर याने टायरचं आयुष्य चांगलंच वाढतं. म्हणून मी आपल्याच देशातल्या एका कंपनीचा, सारख्या नक्षीचा, साधा टूरिंग टायर घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या गावात तुमच्या मापाचा ताजा माल कोणाचा आहे यावर बरंच ठरतं.

ताजा माल कसा ओळखायचा? डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३१२५ म्हणजे २०२५ चा एकतिसावा आठवडा. मला आधी दाखवलेले चारातले दोन टायर २०२३ चे होते. नम्रपणे परत करायला सांगितले.

भावाच्या बाबतीत थोडं थांबलो त्याचा फायदा झाला. ऑगस्टमध्ये एका टायरचे आठ हजार सांगितले होते. गणपती चालू असतानाच टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के होणार असं जाहीर झालं आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झालं. दसऱ्याच्या आधी मी चार टायर प्रत्येकी ७,४०० ला घेतले. बलेनोची जोडी तोपर्यंत पुढेच होती.

जुने टायर उतरवताना काकांनी रिमचा आतला काठ दाखवला. तिथे पांढरी भुकटी जमली होती. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेने अलॉय असं खाल्लं जातं आणि तिथूनच हवा हळूहळू जाते. मागच्या उजव्या चाकात दर आठवड्याला हवा का भरावी लागायची ते तेव्हा समजलं. काकांनी तारेच्या ब्रशने चारही रिम घासून स्वच्छ केल्या, पुसल्या, मग टायर चढवले. या कामाला त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला जाऊन अलाइनमेंट केलं. टो दोन्हीकडे जवळपास शून्यावर आणला. सबफ्रेम (पुढचे लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) किंचित सरकवून डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक काढला. मागचा ॲक्सल पोलोला अखंड असतो, तिथे फिरवायला काही नसतं. आकडे मर्यादेत आहेत एवढंच बघितलं. हवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना.

परतीच्या पावसात आंबोली उतरलो. गाडी पहिल्यापेक्षा थोडी मऊ वाटते, तीव्र वळणावर साइडवॉल किंचित दबते. २०५/४५ ची ती ताठ भावना गेली, आणि तिची आठवण येते हे खरंय. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना आता मन शांत असतं.

आठ हजार किलोमीटर झाल्यावर खोली मोजायच्या गेजने चारही टायर मोजले. नवे असताना ७.८ मिलिमीटर नक्षी होती. पुढे बाहेरून ६.७, आतून ६.६. मागे ७.३. टायरमधली झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण कोकणच्या पावसात मी ३ च्या खाली जाणार नाही. दर आठ हजारांना पुढचे मागे करत राहिलो तर याच वेगाने ४५ ते ५० हजार किलोमीटर निघतील असा हिशोब बसतो. या टायरनी अजून पूर्ण पावसाळा बघितलेला नाही, आणि खरी परीक्षा तीच आहे. काकांनी टायर पुढचे मागे केले, प्रत्येकाच्या आत खडूने तारीख आणि किलोमीटर लिहिले. जून लागण्याआधी कोल्हापूरला टो पुन्हा बघून घेणार आहे.