आमची वाटचाल : एका नियमातून उभा राहिलेला धंदा

मी आणि माझा भागीदार आधी वायरिंगची कामं घ्यायचो. सोलरमध्ये आलो ते काही फार अभ्यास होता म्हणून नाही, नेट मीटरिंगचा नियम आला आणि गिऱ्हाईकच विचारायला लागलं की पॅनल बसवून देता का, जादाची वीज ग्रीडला जाऊन बिलातून वजा होते हे खरं का. म्हणजे आमचा धंदा एका सरकारी नियमातून उभा राहिला, हे मी मोकळेपणाने सांगतो. धंद्यातल्या बऱ्याच मित्रांना वाटतं सरकार बाजूला झालं की सगळं सुरळीत चालेल, मला ते अजिबात पटत नाही.

पॅनल स्वस्त कसे झाले ते बघा ना. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने सिलिकॉनचा सोलर सेल (पॅनल ज्या तुकड्यांचं बनतं तो) दाखवला तेव्हा तो इतका महाग होता की घरावर लावायचा विचारच नको, सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेचा अवकाश कार्यक्रम, १९५८ च्या व्हॅनगार्ड उपग्रहावर ते सेल होते. नंतर २००० मध्ये जर्मनीने कायदा केला की सौर वीज ठरलेल्या दराने २० वर्षं घेतली जाईल. एवढी हमी मिळाल्यावर बँका कर्ज द्यायला लागल्या, मागणी वाढली, पुढे चीनमधल्या कारखान्यांनी प्रचंड उत्पादन केलं आणि दर उतरत गेले. त्याचा फायदा आज आमच्यासारख्या दहा माणसांच्या फर्मला होतोय.

पण शब्द फिरवला की काय होतं तेही दिसलं. स्पेनने आधी चढे दर दिले, २००८ मध्ये पॅनल लावायची झुंबड उडाली, मग पैसे झेपेनात म्हणून नंतरच्या वर्षांत जुन्या प्रकल्पांचे दरसुद्धा कापले. आमच्याकडे छोट्या प्रमाणात तेच झालं, नियम बदलणार अशी नुसती बातमी आली आणि गिऱ्हाईकं थांबली, माल गोडाऊनला पडून, हप्ते चालू, आणि तीन चांगले फिटर गेले. शिकवून तयार केलेली पोरं होती ती, परत आली नाहीत. सबसिडी थोडी कमी द्या, पण पाच-दहा वर्षांचं आधी सांगा, एवढंच मागणं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. सोलरचा फायदा ज्याचं स्वतःचं छप्पर त्यालाच, भाड्याने राहणारा तसाच बिल भरत राहतो. जर्मनीने २०१७ मध्ये भाडेकरूंना इमारतीवरची सौर वीज मिळावी म्हणून वेगळी तरतूद केली, हे बाजार आपणहून करत नाही हो. आणि कामगारांचं काय? आमचा एक फिटर आधी कोळशाच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे होता, युनिट बंद झालं तेव्हा कायम कामगारांची सोय लागली, ह्याला कोणी विचारलं नाही, आमच्याकडे तो स्वतः शिकत शिकत आला. स्पेनने २०१८ मध्ये कोळशाच्या खाणी बंद करताना युनियनशी करार करून वयस्कांना लवकर निवृत्ती आणि बाकीच्यांना नवं प्रशिक्षण दिलं, तसं आधीच ठरवायला हवं.

आम्ही कोणालाही हार्नेसशिवाय, म्हणजे पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्याशिवाय, छपरावर चढू देत नाही. त्याचा खर्च धरल्यामुळे सरकारी टेंडरमध्ये आमचा दर वर जातो आणि काम दुसऱ्याला मिळतं. सुरक्षेचा खर्च टेंडरमध्येच वेगळा धरावा असं पत्र आम्ही दोनदा दिलंय, तिसरं या आठवड्यात देतोय.