सेफ्टीचा खटका नेमका कोणत्या क्षणासाठी?

रविवार, रात्री उशिरा

अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १९१० साली अमेरिकन लष्करापुढे चाचणीला ठेवलेल्या पिस्तुलाला अंगठ्याची सेफ्टी नव्हती. मुठीच्या पाठीला एक दाबपट्टी होती. मूठ धरली की ती आत जायची आणि चाप मोकळा व्हायचा, एवढंच. घोडदळाला ते पुरलं नाही. स्वाराच्या एका हातात लगाम, दुसऱ्या हातात घोडा चढवलेलं पिस्तूल आणि खाली बिथरलेलं जनावर. अशा वेळी एका हाताने पिस्तुलाचा घोडा अलगद उतरवायला जाणं म्हणजे विषाची परीक्षा. म्हणून डाव्या बाजूला अंगठ्याखाली एक खटका आला आणि १९११ मध्ये पिस्तूल त्या रूपात लष्करात दाखल झालं. (मराठीत हॅमरलाही घोडा म्हणतात, आणि मुंबईच्या बोलीत तर अख्खं पिस्तूलच घोडा. वरच्या परिच्छेदात कोणता घोडा कोणाचा, हे वाचणाऱ्याने बघून घ्यावं.)

हे आज आठवायचं कारण असं, की कमरेला बाळगायच्या पिस्तुलाला सेफ्टी असावी का, हा वाद बहुतेक जण पिस्तूल बाहेर काढण्याच्या क्षणावर घालतात. घाईत खटका पाडायला विसरलो तर? मग सेफ्टी नकोच. किंवा उलट, ओढाताणीत कुणी पिस्तूल हिसकावलं तर? मग सेफ्टी हवीच. दोन्ही शंका रास्त आहेत. पण खटका मुळात आला तो पिस्तूल परत ठेवण्याच्या क्षणासाठी, आणि माझ्या मते शंभर वर्षांनंतरही त्याचं खरं काम तिथेच आहे.

आधी चाप बघावा, मग सेफ्टीबद्दल बोलावं. ब्राउनिंगच्या त्या पिस्तुलाला आज १९११ म्हणतात; त्या जातीत घोडा पूर्ण चढलेला असतो. चापाचा ओढा साधारण दोन-सव्वादोन किलोचा आणि प्रवास जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. घोडा चढलेला, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) भरलेलं आणि खटका वर, म्हणजे चाप बंद, ही बाळगायची पद्धत. पिस्तुलाचे अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी त्या स्थितीला क्रमांक एक दिला. इथे सेफ्टीवर वाद होऊच शकत नाही. दुसऱ्या टोकाला डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर. पाच-सहा किलोचा लांब ओढा, चाप ओढतानाच घोडा डोळ्यांदेखत मागे येतो, त्यामुळे वेगळ्या खटक्याची गरज कुणाला वाटली नाही. भारतात परवान्यावर मिळणारं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर याच घराण्यातलं.

खरी पंचाईत मधल्यांची. ऑस्ट्रियन लष्कराने १९८२ मध्ये ग्लॉक १७ घेतलं, त्याला बाहेरून दिसणारा एकही सेफ्टीचा खटका नव्हता. आत तीन व्यवस्था: चापावरची पातळ जीभ, स्ट्रायकर (घोड्याऐवजी काडतुसावर आदळणारी आतली पिन) अडवणारी खुंटी आणि पडल्यावर चापाची पट्टी घसरू न देणारी कडा. चाप अडीच किलोच्या आसपास, प्रवास सुमारे साडेबारा मिलिमीटर. तिन्ही व्यवस्था चोख आहेत, पण तिन्ही एकच हमी देतात: चाप ओढला नाही तर गोळी सुटणार नाही. चाप कशाने ओढला जातोय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बोटाने ओढा, जर्किनच्या दोरीच्या टोकाला असलेल्या प्लॅस्टिकच्या गोळीने ओढा किंवा शर्टाच्या चिमटलेल्या कोपऱ्याने. जीभही दबते, चापही मागे जातो.

म्हणून अपघातांची जागा ठरलेली. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत जात असतं, हात ते खाली रेटत असतो, आणि चापाच्या कड्यात काहीतरी अडकलेलं असतं. जुन्या कातडी होल्स्टरचं तोंड मऊ होऊन आत दुमडतं, ती घडी थेट चापावर येते. रेटणाऱ्या हाताला थोडासा अडथळा जाणवतो आणि हात आणखी जोर लावतो. पोटाच्या बाजूला, पट्ट्याच्या आत बाळगणाऱ्यांची नळी त्या क्षणी मांडीतल्या मोठ्या धमनीकडे रोखलेली असते. तिथली जखम काही मिनिटांत जीव घेऊ शकते.

इथे खटका वर असेल तर दोरी कितीही ओढली गेली तरी काही होत नाही. घोडा बाहेर असलेल्या पिस्तुलात अंगठा घोड्यावर ठेवून होल्स्टर करता येतं. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढला जायला लागला की घोडा अंगठ्याला ढकलतो आणि तुम्ही थांबता. ग्लॉकसाठीही याच कल्पनेवरची बिजागरीची मागची झडप मिळते. स्ट्रायकर मागे सरकू लागला की ती उचलते, अंगठ्याने दाबून धरली तर चाप आणखी मागे जात नाही. मला हा तोडगा आवडतो, कारण तो पिस्तूल काढताना मध्ये येत नाही.

क्रम पाठ करून ठेवावा असा आहे. बोट चापाच्या कड्याबाहेर, फ्रेमला सरळ टेकलेलं. खटका वर, आणि तो वर गेला हे अंगठ्याने चाचपलेलं. दुसऱ्या हाताने कपडा मुठीत धरून छातीपर्यंत वर. मग मान खाली घालून होल्स्टरच्या तोंडात बघायचं. न बघता पिस्तूल आत ढकलण्यात कसलीही मर्दुमकी नाही. पोटाजवळ बाळगत असाल तर कंबर पुढे काढायची, म्हणजे नळी अंगापासून लांब राहते. मग सावकाश आत. अडलं तर रेटायचं नाही, बाहेर काढून बघायचं. परत ठेवायला जगात कुणालाच घाई नसते.

आता बाहेर काढण्याची बाजू. पिस्तूल होल्स्टरमधून वर आलं, दोन्ही हात छातीपुढे जुळले की अंगठा खटका खाली पाडतो आणि नेम धरेपर्यंत तिथेच टेकून राहतो. बसलेल्या सवयीत याला वेगळा वेळ लागत नाही. न बसलेल्या सवयीत मात्र एक ओळखीची चूक होते: चाप दाबला, काही झालं नाही, माणसाला वाटतं पिस्तूल अडकलं, तो स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) ओढतो, जिवंत काडतूस जमिनीवर पडतं आणि खटका अजून वरच. ही चूक सरावाने जाते, आणि सराव म्हणजे रिकाम्या पिस्तुलात नकली काडतुसं घालून रोज पाच-दहा मिनिटं. वर्षातून दोनदा रेंजवर जाणाऱ्याने सेफ्टीवालं पिस्तूल घेऊ नये, असं मी म्हणेन. पण त्याने हलक्या चापाचं स्ट्रायकरवालं पिस्तूलही घेऊ नये.

खटक्याची रचनाही बघावी लागते. स्मिथ अँड वेसनचं शील्ड २०१२ मध्ये आलं तेव्हा त्याची सेफ्टी फ्रेमला जवळजवळ चिकटलेली होती. कपड्यात अडकत नाही हे खरं, पण घामेजल्या अंगठ्याला ती शोधावी लागते. याउलट रुंद, दोन्ही बाजूंना असलेला खटका चटकन सापडतो, पण बाहेरच्या बाजूचं टोक अंगाला किंवा गाडीच्या सीटला घासून दिवसभरात नकळत खाली पडू शकतं. म्हणून होल्स्टर असं हवं, की त्याची भिंत खटक्याला वर धरून ठेवेल.

आणि दिशा! १९११, ब्राउनिंग हाय-पॉवर, अमेरिकन लष्कराने २०१७ मध्ये घेतलेलं सिग कंपनीचं एम १७: खटका खाली म्हणजे गोळी सुटणार. बरेटा ९२ एफएस आणि वॉल्थर पीपीकेत खटका स्लाइडवर असतो आणि तिथे खाली म्हणजे बंद. रशियन माकारोव्हचाही खटका स्लाइडवरच, पण त्यात वर म्हणजे बंद. स्लाइडवरच्या खटक्याचा आणखी एक जाच असा की अडकलेलं पिस्तूल मोकळं करायला स्लाइड वरून घट्ट धरून ओढली की बरेटाची सेफ्टी आपोआप लागू शकते. त्यामुळे घरात दोन उलट्या दिशांची पिस्तुलं ठेवून त्यातलं आज हे, उद्या ते कमरेला लावणं हा प्रकार मला सेफ्टी नसण्यापेक्षा धोक्याचा वाटतो.

बदल करतानाही हेच. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याने बरेटा ९२ सोडून सेफ्टी नसलेलं स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी पिस्तूल घेतलं, तेव्हा नकळत गोळी सुटण्याच्या घटना वाढल्या. काही वेळा पिस्तुलाखालचा टॉर्च लावायला जाताना बोटाने चाप दाबला गेला. न्यूयॉर्क पोलिसांनी दुसरा मार्ग धरला होता: ग्लॉकचा चाप १२ पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. चुकून सुटणं अवघड झालं, पण नेमही बिघडला. जड चाप ही सततची सेफ्टी असते, ती नको त्या क्षणीही बंद करता येत नाही.

एक गैरसमज मोडायला हवा. अंगठ्याची सेफ्टी म्हणजे पडल्यावरची सेफ्टी नव्हे. मूळ १९११ ची सेफ्टी घोड्याला धरणारा सिअर अडवते, फायरिंग पिन नाही. पिस्तूल नळीच्या टोकावर जोरात आपटलं तर खटका वर असूनही पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन काडतुसाची टोपी ठोकू शकते. पुढे १९८३ मध्ये १९११ बनवणाऱ्या कोल्ट कंपनीने आपल्या ऐंशी मालिकेत पिन अडवणारी खुंटी घातली. काही कारागीर खुंटीऐवजी हलकी टायटॅनियमची पिन आणि कडक स्प्रिंग बसवतात. सिग पी ३२० च्या नागरी पिस्तुलांचा २०१७ मधला दोषही पडण्याचाच होता: विशिष्ट कोनात आपटलं की चाप स्वतःच्या वजनाने मागे जायचा, आणि दुरुस्तीत हलका चाप दिला गेला.

आपल्याकडे पुष्कळ परवानाधारक चेंबर रिकामं ठेवून यातून सुटका करून घेतात. घरातल्या कपाटासाठी ते ठीक. कमरेला बाळगताना मात्र स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा असायला हवा, आणि त्याच हाताने समोरच्याला अडवायचं असतं. शिवाय रोज चेंबर भरणं-रिकामं करणं हे स्वतःच धोक्याचं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, तेव्हाही तेच: घाईत, लोकांसमोर पिस्तूल रिकामं करणं. इथे रचनेचा फरक कळतो. १९११ आणि हाय-पॉवरची सेफ्टी वर असताना स्लाइडच हलत नाही, रिकामं करायला खटका खाली पाडावाच लागतो. एम १७ मध्ये सेफ्टी लावलेली ठेवून स्लाइड ओढता येते. ज्याला पिस्तूल वारंवार रिकामं करावं लागतं, त्याच्यासाठी ही गोष्ट चापाच्या वजनाइतकीच महत्त्वाची. मॅगझिन आधी, चेंबर नंतर, हा क्रम मात्र दोन्हींत तोच. उलटा केला तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधलं दुसरं चेंबरमध्ये जाऊन बसतं.

सेफ्टी असेल तर ती चालते का हे महिन्यातून एकदा बघावं. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. घोडा चढवायचा, खटका वर, मूठ पूर्ण धरून चाप चांगला जोरात दोन-तीनदा दाबायचा आणि सोडायचा. आता चापाला हात न लावता खटका खाली. घोडा पडला तर पिस्तूल बाद. पडला नाही तरी काम संपत नाही: पिस्तूल कानाजवळ धरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, अंगठ्याने घोडा अगदी हळू किंचित मागे ओढायचा. बारीक टिक ऐकू आली, तर सेफ्टी लावलेली असताना सिअर जागचा हलला होता आणि आता परत बसला. मग १९११ मध्ये मुठीची दाबपट्टी न दाबता चाप ओढून बघायचा, घोडा पडता कामा नये. हाय-पॉवरमध्ये मॅगझिन नसेल तर चाप घोडा पाडतच नाही, म्हणून तिथे खटक्याची तपासणी रिकामं मॅगझिन घालूनच करावी लागते, नाहीतर सेफ्टी खराब असूनही ठीक वाटते. टिक आलेल्या १९११ मध्ये सेफ्टीच्या आतल्या दांड्याचं माप कमी पडलेलं असतं. तो भाग प्रत्येक पिस्तुलाला कानशीने घासून वेगळा बसवतात, आणि एकदा जास्त घासला गेला की नवा घेऊन पुन्हा पहिल्यापासून.