हॉट स्वॅप, हॉट स्पेअर आणि शून्यापासून मोजलेले कप्पे

सर्व्हरची देखभाल शिकायला येणाऱ्या नव्या सहकाऱ्याला मी पहिल्या दिवशी कोणतीही कमांड शिकवत नाही. यंत्रासमोर उभे करून एकेका भागाचे नाव आणि त्या नावाचा नेमका अर्थ विचारतो. हे शब्द ऐकून ऐकून तोंडात बसतात, पण अर्थ बसलेला असतोच असे नाही, आणि ही गोष्ट बहुधा एखादी डिस्क बंद पडल्यावरच उघड होते.

माझ्या बाबतीत तसेच झाले होते. रेड म्हणजे अनेक डिस्क एका संचात, म्हणजे अ‍ॅरेमध्ये, जोडण्याची पद्धत; रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, दोन गेल्या तर नाही. चार डिस्कच्या एका रेड ५ अ‍ॅरेमधली एक डिस्क गेली. पडद्यावर ‘बे २, फेल्ड’ अशी नोंद होती. सहकाऱ्याने डावीकडून दुसऱ्या कॅडीची (डिस्क बसवलेल्या सरकत्या चौकटीची) कळ दाबली, खट् आवाज झाला आणि डिस्क बाहेर आली. हा संच सांभाळणारा कंट्रोलर मात्र कप्पे शून्यापासून मोजत होता, त्यामुळे बे २ म्हणजे डावीकडून तिसरी डिस्क होती. आधीच एक डिस्क गेलेल्या अ‍ॅरेतून दुसरी, धडधाकट डिस्क निघाल्याबरोबर अ‍ॅरे ऑफलाइन झाला आणि बॅकअपमधून डेटा परत आणण्यात अख्खी रात्र गेली. मी शेजारीच उभा होतो. क्रमांक मीही ताडून पाहिला नव्हता.

डिस्क काढताना ‘हॉट आहे, काढ बिनधास्त’ असे मी म्हटले होते, हे मला आजही टोचते. हॉट स्वॅप, म्हणजे यंत्र चालू असतानाच डिस्क बदलता येणे, हा विजेच्या जोडणीचा आणि सांगाड्याच्या बांधणीचा गुण आहे. अशा कनेक्टरमध्ये अर्थिंगच्या पिना इतर पिनांपेक्षा थोड्या लांब असतात. डिस्क आत सरकवताना त्या आधी टेकतात आणि बाहेर ओढताना शेवटी सुटतात, म्हणून चालू यंत्रातही विजेचा धक्का बसून काही बिघडत नाही. त्या डिस्कवरच्या डेटाचे काय होईल, याबद्दल हा शब्द अवाक्षरही काढत नाही. हॉट स्पेअर ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे: वीजपुरवठा चालू असलेली, पण रिकामी थांबलेली राखीव डिस्क. अ‍ॅरेतली एखादी डिस्क गेली की कंट्रोलर कोणाची वाट न पाहता या राखीव डिस्कवर रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा उभारणे, सुरू करतो.

रेड या नावाचा इतिहासही अर्थपूर्ण आहे. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही संज्ञा मांडली, तेव्हा तिचे पूर्ण रूप ‘रिडंडंट (जादा प्रत ठेवणारा) अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ असे होते, म्हणजे त्यातल्या ‘आय’चा अर्थ ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ असा होता; एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क, ही मूळ कल्पना. पुढे त्या जागी ‘इंडिपेंडंट’ हा शब्द रूढ झाला. रेड ० मध्ये तर जादा प्रत ठेवलेलीच नसते, तेव्हा त्याला रेड म्हणणे मला मुळातच चुकीचे वाटते: एक डिस्क गेली की सगळे गेले.

पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला जादा बिट, मात्र सावकाश समजून घ्यावी. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ असे बिट आहेत, असे समजा. चौथ्या डिस्कवर असा बिट लिहायचा की चौघांतल्या ‘१’ या बिटांची संख्या सम राहील. इथे तो ० होईल. आता पहिली डिस्क गेली, तर उरलेले ०, १ आणि ० पाहून हरवलेला बिट १ होता, हे ठामपणे सांगता येते. रेड ५ मध्ये ही पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर आळीपाळीने विभागलेली असते. एक डिस्क गेलेल्या अवस्थेला ‘डिग्रेडेड’ म्हणतात, ‘फेल्ड’ नव्हे: डेटा शाबूत असतो, पण आधार संपलेला असतो. रीबिल्ड म्हणजे हेच गणित प्रत्येक बिटासाठी करणे, आणि ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी त्याला साडेसात तासांच्या आसपास वेळ लागतो. तेवढा वेळ उरलेल्या सर्व डिस्क शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. त्यात आणखी एक डिस्क गेली तर मार्ग उरत नाही, म्हणून मोठ्या डिस्कसाठी मी दोन पॅरिटी ठेवणारे रेड ६ निवडतो.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच क्षणी आणि तितक्याच तत्परतेने पुसली जाते.

क्षमतेबद्दलही असाच घोळ होतो. चार डिस्क प्रत्येकी ४ टेराबाइटच्या असतील, तर रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाऊन वापरण्याजोगी जागा १२ टेराबाइट असते, पण काही प्रणाली ती १०.९ दाखवतात. इथे काहीही हरवलेले नसते. उत्पादक १००० च्या पटीत मोजतो आणि त्या प्रणाली १०२४ च्या पटीत. त्या दुसऱ्या मापाचे खरे नाव टेबिबाइट आहे.

सॅस आणि साटा या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धतींतला फरक डोळ्यांनी पाहता येतो. साटा डिस्कच्या कनेक्टरमध्ये डेटा आणि वीज या दोन भागांमध्ये फट असते. सॅस डिस्कमध्ये ती फट भरलेली असते. म्हणून सॅसच्या बॅकप्लेनमध्ये (डिस्क ज्यात रुततात त्या मागच्या पाटीत) साटा डिस्क बसते, पण साटाच्या जागेत सॅस डिस्क बसतच नाही. नॅस आणि सॅन या जाळ्यावरून साठवण पुरवणाऱ्या दोन व्यवस्थांच्या नावांत तर अक्षरांचीच उलटापालट आहे: नॅस जाळ्यावरून फाइली देते, सॅन कोरे ब्लॉक देते आणि फाइल प्रणाली सर्व्हरने स्वतः उभारायची असते. सर्व्हर बसवण्याच्या रॅकमधला ‘यू’ म्हणजे १.७५ इंच उंची, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

आता डिस्क काढताना आम्ही आधी ओळख दिवा लुकलुकवतो. मग एक जण पडद्यावरचा डिस्कचा सीरियल क्रमांक मोठ्याने वाचतो, दुसरा कॅडीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा वाचतो, आणि दोन्ही जुळल्यावरच कॅडीची कळ दाबली जाते.