अवकाळीनंतरचं दक्षिण आकाश

आज दुपारच्या अवकाळी सरीने नागपूरवरची धूळ खाली बसली. अशा रात्री त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा छोटा क्रॉस (Southern Cross), शोधायलाच हवा! एप्रिलअखेर तो रात्री 10 ला आणि मेच्या मध्यावर 9 च्या सुमारास नेमका दक्षिणेला येतो. आपल्याकडे त्याचा खालचा तारा जेमतेम 6 अंश वर चढतो, त्यामुळे गच्चीवरून इमारतीच आड येतात. उमरेड रोडने बाहेर पडा, शहराचा उजेड पाठीशी राहतो.

हस्त नक्षत्राच्या चार ताऱ्यांच्या चौकोनापासून सरळ खाली, हात लांब करून साडेतीन मुठी मोजा, तिथे त्रिशंकू. अंधार पडताच दक्षिणेला, किंचित नैर्ऋत्येकडे जो मोठा, फिकट क्रॉस दिसतो, तो त्रिशंकू नव्हे. बरेच जण तिथेच फसतात. खऱ्याच्या डावीकडे तासाभरात दोन ठळक तारे वर येतात. त्यातला त्रिशंकूपासून लांब दिसणारा तारा ‘मित्र’, म्हणजे अल्फा सेंटॉरी, आपल्यापासून फक्त 4.4 प्रकाशवर्षांवर.

पण खरी मेजवानी म्हणजे ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. त्रिशंकूनंतर तासाभराने चित्रा ही ठळक तारका दक्षिणेला आली की तिच्या थेट खाली 36 अंशांवर 10x50 ची (10 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) दुर्बीण लावा, कोपर गाडीच्या टपावर टेकवून. कापसाच्या बोंडासारखा धूसर गोळा दिसेल. तारे सुटे दिसणार नाहीत. सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवरचा लाखो ताऱ्यांचा गुच्छ आहे तो. चंद्र असेल तर मात्र दुसरी रात्र निवडा.