गाढवाचे कान

११ जून, रात्री

लाइट गेलीय, मोबाईलच्या उजेडात लिहितोय. दुपारी ढग भरून आले अन् तासभर चांगला पाऊस झाला, अंगणातल्या पत्र्याच्या सरळ डब्यात पट्टी बुडवली तर २८ मिलिमीटर. तेवढ्यावरच गावात गडबड सुरू. शेजारचे काकाजी ओट्यावर येऊन म्हणे, "कायची वाट पाहून राहिला बापू, मिरग लागला ना!" आणि मीही हो म्हटलं, उद्या सरकी टोबायला, म्हणजे कापसाचं बी लावायला, चार बाया सांगूनपण ठेवल्या.

मग जेवण झाल्यावर पोरीचं पंचतंत्र हातात आलं. चौथं तंत्र, लब्धप्रणाश, म्हणजे हातात आलेलं गमावणं. मगरीच्या तावडीतून सुटलेला माकड झाडावरून मगरीलाच लंबकर्ण गाढवाची गोष्ट सांगतो. कोल्हा गाढवाला फूस लावून सिंहाकडे नेतो, सिंहाचा पंजा बसतो पण गाढव पळून जातं. कोल्हा पुन्हा जातो अन् म्हणतो, अरे ती गाढवी होती, प्रेमानं हात पुढे केला अन् तू पळालास! गाढव परत येतं आणि मरतं. सिंह आंघोळीला गेल्यावर कोल्हा त्याचे कान आणि काळीज खाऊन टाकतो, वरून सिंहालाच म्हणतो, याला कान-काळीज असतं तर तुम्हाला एकदा पाहून परत आला असता का?

लहानपणी वाटायचं गाढव विसराळू होतं. आज वाचताना चर्र झालं. ते काहीच विसरलं नव्हतं, मार चांगला आठवत होता, फक्त त्या माराचा अर्थ कोल्ह्यानं बदलून दिला आणि त्याला तो अर्थ आवडला.

माझंही तेच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी असाच पहिल्या पावसावर ४ एकरात सरकी टोबली, नंतर १६ दिवस थेंब नाही. बोटानं माती उकरली तर दाणा फुगलेला, इवलासा पांढरा कोंब निघालेला आणि तिथंच दोऱ्यासारखा वाळलेला, असे किती दाणे उकरले त्याचा हिशोब नाही, शेवटी बांधावर बसून रडलो. दुबार पेरणी उधारीवर. पण पुढच्या वर्षी मी काय केलं, तर बियाणंच हलकं होतं असं सगळे म्हणत होते ते मानलं, वाण बदलला, पेरायचा दिवस नाही बदलला. पुन्हा मोडलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ते ऐकलं नव्हतं असंही नाही.

आपल्या अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे, महानुभाव पंथाचं. चक्रधरस्वामींच्या ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ हा ग्रंथ पंथातल्या केसोबासांनी रचला, त्यात आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट नेमकी कशाला लागू पडते ते. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचं. मला ही मांडणी फार आवडते. पंचतंत्राच्या गोष्टीपुढं पण असा एक कोरा कागद असायला पाहिजे असं वाटतं, ज्यानं त्यानं आपलं दार्ष्टांतिक लिहावं, कारण गाढव कोण अन् कोल्हा कोण हे दुसऱ्यानं सांगितलं की राग येतो, आपलं आपण लिहिलं तरच ते आत जातं. माझा कोल्हा तर बाहेरचा नव्हताच, मीच स्वतःला पटवत होतो.

माय खाटेवरून विचारते, "वीतभर ओल गेली काय रे?"

टॉर्च घेऊन वावरात गेलो, घरामागंच आहे. खुरप्यानं उकरलं. चार बोटं ओल, खाली कोरडी भुरभुरीत माती, हातात घेतली तर गरमच लागली.

आत्ता बायांच्या मुकादमीणला फोन केला, उद्या नका येऊ म्हटलं. ती म्हणे, मंग काकाजीच्या वावरात जातो आम्ही. जा म्हटलं. सरकीच्या ८ बॅगा माळ्यावर टाकल्या, डबा रिकामा करून परत अंगणात ठेवला.