चेरी श्रिंपची पिल्लं हवीत तर टाकीत सारखा हात घालू नका

चेरी श्रिंप म्हणजे काचेच्या टाकीत पाळतात ती गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी, तिच्या ब्रीडिंगसाठी टाकीत काय घालू असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, काही घालू नका, आधी टाकी जुनी होऊ द्या. नव्या टाकीत पाणी चकाचक दिसतं पण पिल्लांना खायला काहीच नसतं, ती जगतात दगडावर, पानावर जो बुळबुळीत थर धरतो ना त्यावर, आणि तो यायला महिना-दीड महिना सहज जातो. आमच्याकडे देशी बदामाची वाळलेली पानं टाकतो, फुकट मिळतात आणि पिल्लं त्यावरच पडीक असतात.

बाकी सगळं ते आपापलं करतात. मादीच्या पाठीवर पिवळसर सॅडल, म्हणजे खोगिरासारखा डाग, दिसला की अंडी तयार होतायत, मग ती कात टाकते आणि सगळे नर येड्यासारखे टाकीभर पळत सुटतात, हे एकदा तरी बघाच. नंतर अंडी पोटाखाली येतात, २०-३० असतात साधारण, ती बाई तीन-चार आठवडे पायांनी त्यांना वारा घालत बसते. पिल्लं थेट छोटे श्रिंप म्हणूनच बाहेर येतात, अमानो जातीच्या श्रिंपसारखी पिल्लांना खारं पाणी वगैरे भानगड नाही. कात काढून टाकू नका, तेच खातात ती. फिल्टर फक्त स्पंजचा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. आणि मासे नकोत, गप्पी पण नको, पिल्लू तोंडात मावलं की संपलं.

नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतंच, मग कात अर्धवट सुटते आणि श्रिंप त्यातच अडकून मरतात. नळाचं असेल तर क्लोरीन घालवून घ्या. तांबं असलेली माशांची औषधं तर लांबच ठेवा, तसाच डासांचा स्प्रेही, त्याच्याने अख्खी टाकी साफ होऊ शकते.

खरी मारामारी एप्रिल-मेमधे. पाणी तिशीच्या वर गेलं की ऑक्सिजन कमी पडतो, ब्रीडिंग थांबतं. चिलर कोणाला परवडतो, झाकण काढून छोटा पंखा पाण्यावर लावायचा, दोन-तीन डिग्री उतरतात, फक्त आटलेलं पाणी रोज भरायला लागतं. हां, ते भरायला मात्र आरओच चांगलं, कारण पाणी आटलं तरी क्षार टाकीतच राहतात.

आणि निळे-लाल श्रिंप एकत्र ठेवू नका, दोन्ही एकाच जातीचे, काही पिढ्यांत सगळे मातकट होतात. मला आवडतात तसले, पण दुकानदार घेत नाही.